आत्याबाई कोणत्या शाखेत?

मानवशास्त्राच्या मुख्य शाखा किती, असे विचारले की पाठ केलेले उत्तर येते: चार. शारीरिक, सांस्कृतिक, पुरातत्त्वीय आणि भाषिक. उत्तर चूक नाही. ही चौकट मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांत रुजली, युरोपात पुरातत्त्व सहसा वेगळेच शिकवतात. (मराठीत या शास्त्राला 'मानववंशशास्त्र'ही म्हणतात. त्यातला 'वंश' आम्हाला खटकतो. का ते पुढे येईलच.) आमची तक्रार एवढीच, की या शाखांचे एकमेकींशी काम काय पडते, हे यादी सांगत नाही.

ते पाहायचे तर इरावती कर्वे यांचे 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) हे पुस्तक घ्यावे. त्यात देशाचे विभाग पाडले आहेत ते भाषांच्या आधाराने, आणि पुरावा म्हणून पुढे येतात ते नात्यांचे शब्द. आपल्याच घरातले उदाहरण पाहा. जुन्या मराठी घरांत सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करण्याची रीत होती. असे लग्न झाले की त्या मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच! आत्याच्या नवऱ्यालाही आपल्याकडे मामा म्हणत, तोच मामंजी. पुढे नात्याबाहेर लग्ने होऊ लागली तरी शब्द टिकले. उत्तरेत अशी जवळची लग्ने वर्ज्य, दक्षिणेत काही समाजांत मामा-भाचीचेही लग्न चालते, आणि मराठी मुलूख या दोहोंच्या मधोमध. आता आत्याबाईला भाषिक शाखेत घालायचे की सांस्कृतिक?

पुस्तकात कच्चे दुवेही आहेत. प्राचीन ग्रंथांतील नाती कर्वे आजच्या रूढींच्या शेजारी ठेवतात. महाभारतासारखा ग्रंथ शतकानुशतके वाढत गेला. त्यातल्या कुटुंबांवरून एखाद्या काळाची रूढी ठरवणे आम्हाला धाडसाचे वाटते.

त्यांचे शिक्षण मात्र शारीरिक शाखेतले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी गुरूंची अपेक्षा होती. मोजमापांत तो आढळला नाही, आणि कर्वे यांनी प्रबंधात तसे लिहिले. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणाचे वैज्ञानिक पाठीराखे झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निष्कर्षाचे मोल कळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणज येथे उत्खननात सापडलेले मानवी सांगाडेही त्यांनी अभ्यासले. एका व्यक्तीत चारही शाखा, त्या अशा.

पण मोजपट्टी त्यांच्या हातून सुटली नाही. वि. म. दांडेकरांसह महाराष्ट्रातील शरीरमापे (१९५१), पुढे के. सी. मल्होत्रांसह आठ ब्राह्मण जातींची तुलना (१९६८). एकाच वर्णातल्या या जाती एकमेकींहून वेगळ्या दिसतात. म्हणून जाती म्हणजे एका समाजाचे तुकडे नव्हेत, मुळात वेगळे असलेले गट शेजारी येऊन बसले, असे त्यांचे म्हणणे. इथे आम्ही थांबतो. उंचीसारखे माप आहारावर अवलंबून असते. रक्तगटांचे प्रमाण लहान, आपसातच लग्ने करणाऱ्या गटात निव्वळ योगायोगानेही पिढ्यान्‌पिढ्या सरकत जाते. म्हणजे एकाच समाजाचे दोन तुकडे वेगळे राहिले तरी काही शतकांनी त्यांत फरक दिसेलच. आजच्या फरकावरून मूळचे वेगळेपण सिद्ध होत नाही.

'जातीजातींचे रक्त वेगळे असते का?' हा प्रश्न वर्गात येतोच, तेव्हा हा मुद्दा शिक्षकांच्या हाताशी असावा. हैदराबादच्या सीसीएमबीचा सहभाग असलेल्या २०१३ च्या जनुकीय अभ्यासात असे दिसले, की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतातले बहुतेक सर्व समूह एकमेकांत मिसळत होते. जातीतच लग्न करण्याची घट्ट चौकट त्यानंतरची. कर्वे यांचे निधन १९७० मध्ये झाले, त्यांना हा पुरावा मिळणे शक्य नव्हते. दोन गटांत रोटी-बेटी व्यवहार कधी थांबला, हे कवटी सांगत नाही, जनुके थोडेफार सांगतात. का थांबला, हे विचारायला मात्र पुन्हा सांस्कृतिक शाखेकडेच यावे लागते.