अनुकृती आणि बनावट

व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत (१८३७–१९०१) युरोपातील सुवर्णकारांनी सोळाव्या शतकातील, म्हणजे प्रबोधनकालीन, अलंकारशैलीचे पुनरुज्जीवन केले. मीनाकाम, कोरीव रत्ने आणि अनियमित घडणीचे मोती ही तिची प्रमुख लक्षणे होत. या अलंकारांची बोळवण पुष्कळदा 'नक्कल' या एकाच शब्दाने केली जाते. तथापि हा शब्द दोन भिन्न व्यापारांना एकत्र गोवतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पहिला व्यापार अनुकृतीचा. झार दुसरा अलेक्झांडर याच्या १८५६ मधील राज्याभिषेकप्रसंगी काउंटेस ग्रॅनव्हिल यांनी ल्यावा म्हणून लंडनच्या हॅनकॉक यांनी सात नगांचा संच सिद्ध केला. डेव्हनशरच्या ड्यूकच्या संग्रहातील ८८ कोरीव रत्ने त्यात मीनाकामयुक्त सोन्याच्या कोंदणात बसविली आहेत. रत्ने जुनी, कोंदण नवे. आणि हे कोणापासूनही लपविलेले नव्हते. मूळचे नेपल्सचे कार्लो जुलियानो हे लंडनमध्ये घडविलेल्या आपल्या नगांवर स्वतःची मुद्रा उमटवीत. आर्ष शैलीत लिहिणाऱ्याने ग्रंथावर आपलेच नाव घालावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरा व्यापार बनावटीचा. आखेनचे सुवर्णकार राइनहोल्ड फास्टर्स (१८२७–१९०९) यांची हजाराहून अधिक रेखाटने लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात होती. १९७९ मध्ये त्यांचे मर्म उलगडले, तेव्हा प्रबोधनकालीन मानल्या गेलेल्या अनेक वस्तू त्यांच्याच आराखड्यांबरहुकूम असल्याचे दिसून आले. चेलिनी या इटालियन सुवर्णकाराची कृती म्हणून गाजलेला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील रोस्पिग्लिओसी चषक हा त्यांपैकीच एक.

हिंदुस्थानाशी निगडित असलेले 'कॅनिंग पदक' या दृष्टीने उद्बोधक आहे. एका विलक्षण मोत्यातून मत्स्यपुरुषाचे धड साकारणारे हे पदक गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्याकडे होते; १९३१ मध्ये ते उपर्युक्त लंडनच्या संग्रहालयास मिळाले. मेदिची घराण्याने ते मोगल बादशहास नजर केल्याची आख्यायिका दीर्घकाळ सांगितली जाई. आता ते एकोणिसाव्या शतकातील असावे, असे मत पुढे आले आहे. मोती मात्र तोच आहे, आणि त्यात धड पाहणारी दृष्टीही तीच. मग काल बदलताच स्तुती का ओसरावी?

आर्ष रूप योजणे हा दोष नव्हे. त्या रूपाआड आपला काल दडविणे हा दोष होय. तो दोष ज्याचा त्याच्या पदरी घालावा. परंतु सोळाव्या शतकाच्या नावे केलेली स्तुती यथार्थ असेल, तर ती मागे न घेता एकोणिसाव्या शतकातील कारागिराच्या हाती सोपविणे हेच समीक्षकाचे कर्तव्य ठरते.