टॅक्सीच्या खिडकीतून

फराळाचे ताट पुढे असताना दुष्काळाचे पुस्तक काढू नये हे मला कळते. पण पॉल एर्लिक या अमेरिकन शास्त्रज्ञाचे १९६८ सालचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ सुरू होते तेच आपल्या दिल्लीत. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपर्यंतचा. कादंबरी लिहिणाऱ्याने वाचावे तसे मी ते वाचले.

उकाड्याची रात्र, जुनाट टॅक्सी, आत एर्लिक, पत्नी आणि मुलगी. बाहेर माणसे जेवताहेत, धुताहेत, झोपताहेत, भांडताहेत, बसला लोंबकळताहेत. क्रियापदांची नुसती झड! भीक मागणारे हात खिडकीतून आत येतात. त्या हातांमागचा चेहरा मात्र येत नाही. एकालाही नाव नाही, गाव नाही, धंदा नाही. त्या काळी पॅरिस दिल्लीहून कितीतरी मोठे होते, पण तिथली गर्दी पाहून कुणाला जगबुडी आठवली नाही.

पुढचे भाकीत सर्वांना ठाऊक आहे: सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरणार, आणि भारताची तर आशाच सोडावी. तसे झाले नाही. १९६४-६५ साली सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेला आपला गहू १९७०-७१ पर्यंत दोन कोटींच्या वर गेला. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडे पडला, भयंकर पडला. पण खडी फोडून, सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन माणसे तगली. १९८० साली ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाशी एर्लिकने पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली, आणि १९९० साली हरून ५७६ डॉलरांचा चेक मुकाट्याने पाठवला.

विरोधक अजून या चेकवर हसतात. मी हसणार नाही. दुसरे एखादे दशक निवडले असते तर बहुधा तोच जिंकला असता, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले. ज्या पंजाबच्या गव्हाने त्याला खोटे ठरवले, तिथले भूजल वर्षानुवर्षे खाली चालले आहे. धरणीला अंत आहे, हे सांगणारा माणूस वेडा नव्हता.

माझी तक्रार वेगळीच आहे. हा मूळचा फुलपाखरांचा अभ्यासक. स्टॅनफर्डजवळच्या जॅस्पर रिजवर १९६० च्या सुमारास त्याने एकेक फुलपाखरू पकडले, पंखावर खूण केली, सोडले, पुन्हा पकडले. आणि काय निघाले? वरून एक वाटणारा थवा प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या वस्त्या होत्या. एकीची वाढ, दुसरीची घट. इतक्या मायेने पाहणारा डोळा दिल्लीत टॅक्सीतून उतरत नाही, हे मला समजत नाही.

आणि डोळा न उतरल्याचा परिणाम पुढच्या पानांत दिसतो. तीन किंवा अधिक मुले असलेल्या सर्व भारतीय पुरुषांची नसबंदी करावी, अशी सूचना आपल्याकडे निघाली होती. अमेरिकेने त्यासाठी आपल्या सरकारवर दडपण आणायला हवे होते आणि हेलिकॉप्टरे, वाहने, शस्त्रक्रियेची हत्यारे पुरवायला हवी होती, असे तो लिहितो. पुस्तक बहुतांशी पत्नी ॲन हिच्यासह लिहिलेले. प्रकाशकाने मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्याचे घातले. त्या बाईंनीही ही ओळ खोडली नाही.

१९७६ चे पाप एर्लिकच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ते उद्दिष्ट आमच्याच लोकांनी ठरवले; १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आमच्या गावी एक निवृत्त गुरुजी आहेत. त्या वर्षी मास्तरांनी ‘केसेस’ आणायच्या, नाहीतर पगार अडकायचा, असा हुकूम होता. गुरुजींनी दोन केसेस आणल्या. त्यांतला एक त्यांच्याच वर्गातल्या मुलाचा बाप. तो पुढे कधी त्यांच्या ओटीवर चढला नाही.

मी गुरुजींना तो हेलिकॉप्टरचा उतारा मराठीत सांगितला. बराच वेळ ते पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, “आमच्याकडे जीप आली होती.”