तारपा कोणासाठी?

वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक काढतात, मध्ये पालघट देवी; धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. ‘आदिवासी संस्कृती’ दाखवणाऱ्या रिसॉर्टच्या भिंतीवर तोच चौक बारमाही, देवीविना! चित्र विधीबाहेर नेण्यात पाप नाही. जिव्या सोमा मशे यांनी ते नेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण तो निर्णय त्यांचा होता. इथे निर्णय मालकाचा. पेठ-सुरगाण्याचा आदिवासी अंबडच्या कारखान्यांत मजुरी मागतो तेव्हा प्रस्थापितांना त्याची संस्कृती आठवत नाही. पाहुण्यांच्या जेवणापुढे तारपा हवा असला की आठवते. पाहुण्यांनी पाड्यावर जरूर यावे. मात्र दिवस पाड्याने ठरवावा, पैसा पाड्याच्या हाती पडावा आणि ‘आज नाचणार नाही’ म्हणणाऱ्याचे उद्याचे काम बंद होऊ नये.