पॅचलाही तळटीप हवी

गिटवर काम करणाऱ्यांना हे रोजचंच आहे. तुमची ब्रँच चार कमिट पुढे गेली, तोवर मेन ब्रँच दहा कमिट पुढे गेली. दोघींचा समान पूर्वज मागे राहिला. आता पॅच कसा पाठवायचा? बहुतेक ट्युटोरियल एका ओळीत मोकळी होतात : रिबेस करा. माझा आक्षेप रिबेसवर नाही, तिथेच थांबण्यावर आहे.

आपल्या नागपूरला हा प्रश्न नवा नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केलं. खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असं महानुभाव परंपरा सांगते. म्हणून पाठ अनेक झाले. नागपूरचे ह. ना. नेने आणि पुढे वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाचं संपादन केलं. कोलत्यांची आवृत्ती 1978 ची. अशा संपादकाच्या हातात फक्त शाखा असतात, मूळ नसतं. गिटमध्ये ते मूळ एका कमांडवर मिळतं. तरी आपण ते वाचणाऱ्याला सांगत नाही.

आता रिबेस का, ते बघा. मेन आपल्या ब्रँचमध्ये मर्ज केली आणि फॉरमॅट-पॅच चालवलं, तर ते मर्ज कमिट गाळतं. त्या मर्जमध्ये सोडवलेला कॉन्फ्लिक्ट पॅचमध्ये येतच नाही. समोरचा माणूस पॅच लावतो, तो लागत नाही. तेव्हा पॅचसाठी रिबेसच बरोबर.

पण रिबेसमध्ये कमिट नवे बनतात, त्यांचे हॅशही नवे. कॉन्फ्लिक्ट सोडवताना तुम्ही एक पाठ ठेवला, दुसरा टाकला. हे संपादनच झालं, आणि ते कुठेही दिसत नाही!

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण केली. उत्तरेकडची परंपरा वेगळी, दक्षिणेकडची वेगळी. संपादकांनी वर एक पाठ छापला आणि नाकारलेले पाठभेद त्याच पानावर खाली दिले. त्यामुळे त्यांचा निर्णय पटला नाही, तर वाचकाला तो तपासता येतो.

पॅचलाही अशी तळटीप देता येते. फॉरमॅट-पॅचला बेसचा पर्याय द्या, म्हणजे पॅच कोणत्या कमिटवर उभा आहे ते नोंदवलं जातं. दुसऱ्या खेपेला रेंज-डिफ जोडा. 2018 पासून गिटमध्ये ते आहे. जुन्या आणि नव्या मालिकेत काय बदललं ते त्यात दिसतं. कॉन्फ्लिक्ट कसा सोडवला, हे कव्हर लेटरमध्ये दोन वाक्यांत लिहा.

आणि ज्या ब्रँचवर इतरांनी काम उभं केलंय, ती त्यांना न विचारता रिबेस करू नका. त्यांच्या हातातली प्रत तुम्ही परस्पर बदलू शकत नाही. त्यांच्यासाठी तुम्ही फक्त आणखी एक पाठ तयार करता.