आनंदीबाई जोशी यांचा परदेशवास : चरित्र आणि कादंबरी

काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र १८८९ मध्ये, तर श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीचा केंद्रबिंदू पतिपत्नीसंबंध आहे; हे तिचे शीर्षकच सुचविते. काशीबाई मात्र आनंदीबाईंच्या पत्रांना विशेष स्थान देतात. त्यामुळे १८८३ नंतरच्या अमेरिकावासातील आहार, पोशाख, थंडी हे तपशील महत्त्वाचे ठरतात.

हिंदू राहूनच परतण्याचे अभिवचन आनंदीबाईंनी सेरामपूर येथील जाहीर भाषणात दिले होते. ते पाळण्याची कसोटी मात्र कार्पेंटर कुटुंबाच्या घरात आणि फिलाडेल्फियातील थंड खोलीत लागली. नऊवारीत पाय उघडे राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसणे स्वीकारले. थंडीपासून बचाव आणि वचनपालन यांची ही सांगड होती. 'पहिली स्त्री-डॉक्टर' या गौरवात हा दैनंदिन संघर्ष झाकोळतो.

१८८६ मध्ये पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर नेमणूकही झाली. परंतु रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या पदवीचे मोल जाणण्यासाठी कादंबरीबरोबरच हे चरित्र वाचणे अगत्याचे ठरते.