सिंहासनाची कादंबरी, मिरवणुकीची कविता

अरुण साधू यांची 'सिंहासन' ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात, स्वातंत्र्यापासून तीस वर्षे केंद्रात अखंड सत्तेवर असलेल्या काँग्रेस पक्षाला मतदारांनी दूर सारले. महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी अवघे २० त्या पक्षाकडे राहिले; शेजारच्या मध्य प्रदेशात तर ४० पैकी एकच. कादंबरी आणि निवडणूक यांचे हे एकाच वर्षी येणे हा योगायोग खरा, परंतु मराठीतील राजकीय वाङ्मयाचा विचार करणाऱ्याने त्यापाशी थोडे थांबायला हवे. कारण 'सिंहासन'मध्ये सत्तेच्या सगळ्या हालचाली आहेत आणि सत्ता ज्यांच्या मतांवर उभी असते ते लोक मात्र जवळजवळ नाहीत. मुख्यमंत्री आहेत, त्यांच्याविरुद्ध कट रचणारे अर्थमंत्री आहेत, आमदारांची मोजदाद आहे, वार्ताहर आहेत. पेच पडतो तो सत्ताधाऱ्यांच्या आपापसांत आणि सुटतोही तेथेच. मुख्यमंत्री आपले आसन राखतात. ज्या वर्षी वाचकांच्या हाती हे पुस्तक पडले, त्या वर्षी आसन डळमळले ते बाहेरून, गावोगावच्या मतपेट्यांतून.

यात साधूंना दोष देण्याचा हेतू नाही. सत्तेचा कारखाना आतून कसा चालतो याचे इतके नेमके ज्ञान त्यांच्यापूर्वी मराठी कादंबरीला नव्हते. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांनी मंत्रालय, कामगार संघटना, वर्तमानपत्राची कचेरी आणि गुन्हेगारी यांना एका पटावर आणले, ही कामगिरी लहान नाही. प्रश्न त्यांच्या उणिवेचा नसून एकूण परंपरेच्या दृष्टीचा आहे. सत्ता कशी टिकते हे मराठी राजकीय कादंबरीने बारकाईने पाहिले. सत्तेचा आधार कसा सुटतो हे तिने क्वचितच पाहिले. दीर्घकाळ राज्य करणाऱ्या पक्षावरचा लोकांचा राग हा तिच्या लेखी पडद्यामागचा आवाज राहिला. तो कोणाच्या मनात, कोणत्या दिवशी, कशाने उत्पन्न झाला आणि वर्षानुवर्षे ज्या चिन्हावर शिक्का मारला त्यावरून हात बाजूला घेताना त्या माणसाला काय वाटले, याची नोंद शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

मराठीला हा राग अपरिचित होता असेही नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो रस्त्यावर आला आणि त्याला वाणीही मिळाली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीने, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने १९५६-५७ मध्ये जी भाषा घडवली तिच्यात सत्ताधारी पक्षाविषयीचा संताप उघड, सामुदायिक आणि अनेकदा विनोदी होता. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जो हिसका दिला, त्याचा ताल या गाण्यांतच होता. मात्र त्या रागापाशी एक मागणी होती. १ मे १९६० रोजी मागणी पुरी झाली आणि १९६२ मध्ये त्याच पक्षाला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. मागणी असलेला राग गाऊ शकतो, कारण त्याला उत्तर मिळण्याची आशा असते. विश्वास तुटल्याचा राग वेगळा. तो गात नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने फसवले हे कळल्यावर माणूस जसा काही काळ बोलेनासा होतो, तशी त्याची जात असते. १९७७ ला गाणे नव्हते, आणि १९९५ साली काँग्रेस ८० जागांवर येऊन युतीचे सरकार महाराष्ट्रात आले तेव्हाही सभांची भाषा भरपूर असली तरी आतला दुरावा मुकाच होता. शाहिरीला हा मुका राग पेलणारा नव्हता. तो कादंबरीचा विषय होता.

आणीबाणीच्या काळात मराठी साहित्यिकांनी स्वीकारलेली भूमिका येथे आठवते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पु. ल. देशपांडे १९७७ मध्ये प्रचारसभांतून बोलले. दुसरीकडे नामदेव ढसाळांनी इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. म्हणजे राग सर्वांचा आणि सारखा नव्हता, हेही ध्यानात ठेवावे लागते. ही सारी नागरिक म्हणून केलेली कृत्ये आहेत आणि त्यांचे मोल त्या क्षेत्रात आहे. परंतु संमेलनाच्या व्यासपीठावरील धैर्य आणि कलाकृतीत उतरलेले आकलन या दोन गोष्टी एकमेकींची भरपाई करीत नाहीत. आणीबाणीविषयी मराठी समीक्षेने अभिमानाने जे लिहिले आहे, त्यात बहुतांशी पहिलीचाच गौरव आहे.

या पार्श्वभूमीवर दृष्टी महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे न्यावी लागते, आणि तीही फार दूर नाही. नागपूरहून हावड्याच्या वाटेवर राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई ही शहरे एकामागून एक लागतात. राजनांदगाव १९७३ पर्यंत दुर्ग जिल्ह्यातच होते. मोहन नगरसारख्या तिथल्या वस्तीत राहणाऱ्या मराठी वाचकाला घराशेजारची वाटावी अशी ही भूमी आहे. येथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. घरची भाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. दोघे भाऊ दोन भाषांत वाटले गेल्यामुळे दोन्हीकडच्या समीक्षेने त्यांना एकत्र वाचण्याचा कंटाळा केला आहे.

गजाननरावांची 'अंधेरे में' ही दीर्घकविता त्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर १९६४ मध्ये, हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात छापली गेली. तिच्यामागे नागपूरच्या वास्तव्यात जवळून पाहिलेला गिरणी कामगारांवरील गोळीबार आहे, असे हिंदी समीक्षक सांगत आले आहेत. तिच्या रचनेच्या काळातच, १९६२ मध्ये, मध्य प्रदेशातील काँग्रेस सरकारने त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या शालेय पुस्तकावर बंदी घातली. ज्या पक्षाने स्वातंत्र्य आणले, त्याच पक्षाच्या राजवटीत एका अध्यापकाचे इतिहासाचे पुस्तक शाळांतून काढून टाकले जाते, ही घटना कवितेत कोठेही नाही. कवितेत कोणत्याही पक्षाचे नाव नाही. तरीही दीर्घ सत्तेचा आधार आतून कसा सुटतो याचे भारतीय भाषांतील बहुधा सर्वांत खोल चित्र तिच्यात आहे.

मध्यरात्री शहराच्या रस्त्यावरून एक मिरवणूक निघते. बँड वाजतो आहे, सैनिक आहेत, घोडदळ आहे. कवितेतला 'मी' पाहतो तो काय, त्यात ओळखीचे चेहरे आहेत : वर्तमानपत्रांतून पाहिलेले मंत्री, उद्योगपती, पत्रकार, विद्वान, कवी, आणि त्यांच्याबरोबर शहरात कुप्रसिद्ध असलेला खुनी डोमाजी उस्ताद. दिवसा हे सारे वेगवेगळ्या कचेऱ्यांत, सभांत, घरांत असतात. रात्री एका रांगेत चालतात. पाहणाऱ्याने त्यांना पाहिले एवढाच त्याचा गुन्हा, आणि तेवढ्यासाठी त्याच्यामागे माणसे लागतात. मिरवणुकीत समीक्षकही आहेत, या तपशिलावरून समीक्षकांनी सहसा घाईने पुढे जाण्याची पद्धत आहे.

येथे 'सिंहासन' पुन्हा आठवते. डॉ. जब्बार पटेलांच्या १९७९ च्या चित्रपटात (पटकथा विजय तेंडुलकरांची) वार्ताहर दिगूलाही सगळे दिसते, आणि अखेरीस तो वेड्यासारखा हसत सुटतो. दिगूचे वेड हा एक शेवट आहे. त्यापुढे चित्रपटाला जाता येत नाही. मुक्तिबोधांच्या कवितेतही एक वेडा आहे, परंतु तो मध्येच येतो आणि त्याचे गाणे हसण्याचे नसून झाडाझडतीचे आहे. आजवर तू काय केलेस, कोणाच्या दुःखाला पाठ दाखवलीस, असा तो प्रश्न आहे आणि तो सत्तेला विचारलेला नाही. तो स्वतःला विचारलेला आहे. राज्यकर्त्यांवरच्या रागाला आत्मपरीक्षणाची ही जोड मिळाल्याबरोबर रागाची प्रत बदलते. ज्याने कधी विश्वासच टाकला नव्हता त्याचा राग सोपा असतो. ज्याने तीस वर्षे विश्वास टाकला, त्याच्या रागात आपणच या मिरवणुकीला वाट करून दिली ही टोचणी असणारच, आणि १९७७ च्या मतदारात ती होती असे मानल्यावाचून त्या निवडणुकीचा उलगडा होत नाही.

कवितेतील दुसरा प्रसंग मराठी वाचकाने विशेष पाहावा असा आहे. अंधारात टिळकांचा पुतळा दिसतो. त्याच्यातून ठिणग्या झडतात आणि नाकातून रक्त वाहू लागते. पुढे गांधी भेटतात आणि कवितेतल्या 'मी'च्या हाती एक मूल सोपवतात. ते मूल खांद्यावर असताना सूर्यफुलांचा गुच्छ होते आणि मग बंदूक. टिळक आणि गांधी हे दोघेही काँग्रेसचे पूर्वज. म्हणजे सत्ताधाऱ्यांपासून दूर जाणारा माणूस त्यांच्या शत्रूंकडे जात नाही. तो त्यांच्याच वाडवडिलांकडे जातो आणि वारसा मागून घेतो. दीर्घकाळच्या राज्यकर्त्या पक्षाला लोकांचा राग कळत नाही, याचे कारणही बहुधा हेच असावे. तो विरोधकांच्या भाषेची तयारी करून बसलेला असतो, आणि राग येतो तो त्याच्या स्वतःच्या जुन्या भाषेतून.

शरच्चंद्रांच्या 'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' (१९६२) आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) या कादंबरीत्रयीकडे या उजेडात पाहिले तर तिचे वेगळेपण जाणवते. स्वातंत्र्यलढ्याच्या काळातील मध्यमवर्गीय तरुणाचा लोकांच्या दिशेने होणारा प्रवास हा तिचा विषय. तिसऱ्या भागाच्या शीर्षकातच लोकांचे वळणे आहे. बंधूंच्या कवितेत जो विश्वास तुटतो, तो मुळात कसा जुळला होता हे या कादंबऱ्या सांगतात. त्यांत तात्त्विक चर्चा अनेक ठिकाणी कथेवर भार होते, हे खरेच आहे. तरीही तुटण्याची कविता आणि जुळण्याची कादंबरी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्याशिवाय दोहोंचाही पूर्ण अर्थ हाती येत नाही.

मराठी कादंबरीला ही वाट पुढे सापडली नाही असे सरसकट म्हणता येणार नाही. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'त (१९९१) धरणग्रस्तांच्या तोंडून शासनाविषयीचा जो कडवटपणा येतो तो विरोधकाचा नाही. राष्ट्रासाठी जमीन देणाऱ्याचा आहे. रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट'ने (१९९४) बेचाळीसच्या चळवळीपासून पुढच्या काही दशकांचा विस्तीर्ण पट घेऊन, त्यागाचे सत्तेत आणि सत्तेचे हितसंबंधांत रूपांतर कसे होते हे दाखवले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १९७२ मध्ये, सैनिकांना दिलेले ताम्रपट हे कृतज्ञतेचे चिन्ह होते की हिशेब मिटवल्याची पावती, ही शंका ते शीर्षकच निर्माण करते. १९९९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीवर लिहिताना समीक्षेने तिच्या विस्ताराची चर्चा अधिक केली. तिच्यातील विश्वासभंगाच्या सूत्राची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

मुक्तिबोधांनी पक्षाचे नाव घेतले नाही, याचा परिणाम पुढे त्यांच्याच जिल्ह्यात दिसला. मार्च १९७७ मध्ये काँग्रेस केंद्रातून गेली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २ आणि ३ जूनला, त्या वेळच्या दुर्ग जिल्ह्यातील दल्ली राजहरा येथे खाणकामगारांवर गोळीबार होऊन अकरा जण मृत्युमुखी पडले. तेव्हा दिल्लीत जनता पक्षाचे राज्य होते. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली आणि १ जुलै १९९२ ला भिलाई पॉवर हाऊस स्थानकावर कामगारांवर पुन्हा गोळ्या चालल्या. तेव्हा भोपाळला भारतीय जनता पक्षाचे सरकार होते. छत्तीसगड राज्य झाल्यावर तो पक्ष २००३ पासून पंधरा वर्षे सत्तेवर राहिला आणि २०१८ मध्ये ९० पैकी १५ जागांवर आला. विजयी काँग्रेसलाही पाचच वर्षांनी, २०२३ मध्ये, लोकांनी उतरवले. पक्षाचे नाव घेऊन लिहिलेली कविता यातल्या पहिल्याच बदलाबरोबर शिळी झाली असती. 'अंधेरे में'मधील मिरवणुकीत मात्र फक्त पुढची रांग बदलत गेली.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळता येत नाही. नाव न घेतलेल्या कवितेचा सत्कार करणे प्रत्येक सरकारला सोयीचे जाते. राजनांदगावात मुक्तिबोधांचे स्मारक आहे, संग्रहालय आहे. जयंतीला फुले वाहिली जातात, भाषणे होतात. ज्या शासनव्यवस्थेने पुस्तक बंद केले, तिच्याच पुढच्या पिढ्यांनी कवीला दालन दिले. मराठी शाहिरीच्या वाट्याला हा सन्मान इतक्या सहजपणे आला नाही, कारण तिच्यात कोणाला उद्देशून काय म्हटले आहे ते स्पष्ट होते. तेव्हा अनामिकतेमुळे कविता टिकली, हे जितके खरे, तितकेच तिच्यामुळे ती निरुपद्रवी ठरवता आली हेही खरे. या पेचातून सुटण्याचा मार्ग कवितेत नाही. तो वाचनात आहे. १९६२ ची बंदी, नागपूरचा गोळीबार, दुर्ग जिल्ह्याचे राजकारण हे संदर्भ बाजूला ठेवून 'अंधेरे में' केवळ अस्तित्ववादी अस्वस्थतेची कविता म्हणून शिकवणारा प्राध्यापक त्या रांगेत किती मागे उभा आहे, हे कवितेतल्या 'मी'ला दिसलेच असते.

कवितेच्या अखेरीस शहरात आग आहे, गोळीबार आहे, आणि 'मी' ज्याचा शोध घेत आला तो पुरुष सकाळी गल्लीतल्या गर्दीत क्षणभर दिसून नाहीसा होतो. त्या गर्दीतले लोक कोण, ते कोठून निघाले आणि कोणाचा हात सोडून आले, हे कवीने सांगितलेले नाही. ते सविस्तर सांगणे हे कादंबरीचे काम होते. 'सिंहासन'च्या वाटेने गेलेल्या मराठी कादंबरीने ते बरेचसे बाकी ठेवले आहे.