'कॉलबॅक'ची नोंदणी आणि मराठी परिभाषा : एक चिकित्सा

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथील मराठी भाषा विद्यापीठावर 2024 मध्ये पहिल्या कुलगुरूंची नियुक्ती झाली. त्यामुळे संगणकशास्त्र मराठीतून कसे मांडावे, हा प्रश्न आता केवळ कोशकारांचा राहिलेला नाही. या दृष्टीने 'कॉलबॅक' ही संज्ञा तपासून पाहण्याजोगी आहे. तिचे 'परतहाक' असे शब्दशः रूपांतर सहज करता येते; परंतु त्यातून कोण कोणाला व केव्हा हाक मारतो, याचा बोध होत नाही.

फ्लॅश स्मृतीत जुन्या मजकुराच्या जागी नवा लिहिण्यापूर्वी तो सबंध खंड पुसावा लागतो. नॉर प्रकारात एका खंडास कधी सेकंदभराचाही अवधी लागतो. तेवढा वेळ प्रोसेसर खोळंबू नये म्हणून पुसण्याची मागणी करणारा प्रोग्राम आपल्या एका फंक्शनचा पत्ता ड्रायव्हरकडे नोंदवून ठेवतो. काम संपताच ड्रायव्हर ते फंक्शन चालवितो. येथे हाक खालच्या थरातून वर जाते. ती इंटरप्टच्या संदर्भात आली, तर त्या फंक्शनला थांबून राहण्याची मुभा नसते.

लिनक्सच्या एमटीडी या स्मृतिविषयक उपप्रणालीत नेमकी अशी सोय होती. खंड पुसण्याच्या मागणीसोबत कॉलबॅकचा पत्ता द्यावा, अशी तिची रचना. प्रत्यक्षात मात्र ड्रायव्हर आपले काम पूर्ण करूनच परतत आणि परतण्यापूर्वीच कॉलबॅक चालवीत. मागणी करणारे कोड तरीही प्रतीक्षेची रांग उभारून निकालाची वाट पाहण्याची तयारी करी. ज्या सवडीसाठी हा खटाटोप, ती कोणाच्याच पदरात पडत नव्हती. अखेर 2018 मध्ये, 4.17 या आवृत्तीत, ती सोय काढून टाकण्यात आली. हा निर्णय योग्यच होता. आक्षेप घ्यायचाच तर तो विलंबावर घ्यावा. वापरात नसलेले वचन संहितेत टिकून राहिले की वाचणारा त्यावर विसंबतो.

याच उपप्रणालीतील दुसरी नोंदणी अधिक काटेकोर आहे. नवे उपकरण आल्याची व गेल्याची वार्ता हवी असणारा दोन फंक्शने नोंदवतो. नोंदणी होताच, आधीपासून हजर असलेल्या प्रत्येक उपकरणासाठी 'आले' हे फंक्शन चालते. नोंद रद्द करताना तितक्याच उपकरणांसाठी 'गेले' हे फंक्शन चालते. त्यामुळे उशिरा आलेल्यास काही हुकत नाही व जाणाऱ्याचे काही मागे उरत नाही. हे पथ्य सुटून मॉड्यूल स्मृतीतून उतरले आणि त्याचा पत्ता मात्र नोंदीत राहिला, तर पुढची हाक अस्तित्वात नसलेल्या कोडला जाते व प्रणाली कोसळू शकते.

रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेत 'वासना' या नित्याच्या शब्दाला पाठांतराचा, म्हणजे भिन्न स्मृतीतून आलेल्या पाठाचा, पारिभाषिक अर्थ मिळाला. तो अर्थ कोशाने दिला नाही, तर ज्याच्या स्मृतीतला पाठ त्याच्या नावानिशी नोंदविण्याच्या शिस्तीने दिला. 'कॉलबॅक' हा शब्द तसाच ठेवला तरी मराठीचे काही बिघडत नाही. मात्र हाक कोण देणार, कोणत्या संदर्भात देणार आणि नोंद केव्हा रद्द होणार, हे व्याख्येतच आले पाहिजे. 'नोंदणी' पहिल्या प्रकरणात आणि 'नोंद रद्द करणे' परिशिष्टात, अशी विभागणी पाठ्यपुस्तकाला परवडणारी नाही.